डोंगराकडे कललेला भार

१

चांद्या एकटाच घरी आला, तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. त्याच्या मानेवर जू नव्हतं, जुवाचा नुसता तुटका तुकडा गळ्यात लोंबत होता. पुढच्या गुडघ्यातून रक्त ओघळत होतं. बैल दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला पुढचं कोणी सांगायची गरज उरली नाही. हातातलं सूप तिथेच टाकून मी डोंगराच्या दिशेने धावले.

आमचं घर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. धंदा गवताचा. दिवाळी झाली की डोंगरावरच्या माळावर गवत कापायचं, गाडीत रचायचं, उतरवून कोलशेतच्या बंदरावर न्यायचं. तिथून मचव्यात चढून ते मुंबईला जातं, साहेबलोकांच्या घोड्यांच्या पोटात. माझा बाप हेच करत होता, नवरा हेच करत मेला, आणि थोरला मुलगा परशुराम त्या दोघांपेक्षा चांगला गाडीवान निघाला. आईच्या तोंडाने सांगते म्हणून खोटं समजू नका. मी सहसा कोणाला चांगलं म्हणत नाही, गावात विचारा.

त्याची गाडी कपारीच्या वाटेखाली उलटून पडली होती. चाकं आभाळाकडे. दुसरा बैल, मोरा, मान मोडून गेला होता. परशुराम खाली दगडाशी पडला होता आणि त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं तेव्हा ते अजून गरम होतं.

गाव जमलं. पोलीस पाटील आले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मिशीला हात लावला.

"आवडाबाई, ही गाडी आपसूक नाही पडली," ते म्हणाले. "भार बघा. दोर सगळे शाबूत आहेत, गवत जसं रचलं तसंच आहे. उजव्या अंगाला जाड पेंढ्या, डावीकडे पातळ. असा एकांगी भार घेऊन कुठली गाडी उभी राहील?"

तेवढ्यात कोणीतरी माझ्या मुलाचा उजवा हात गवताखालून ओढून काढला.

मनगटाला दोर गुंडाळलेला होता. एक वेढा नव्हे, अनेक.

"बांधलंय याला!" गर्दीतून आवाज आला. आणि लगेच दुसरा आवाज, दबक्या गळ्याने, "भार राघोने रचला होता."

२

आग देऊन आम्ही परतलो, तोवर राघोला चावडीच्या खांबाला बांधून झालं होतं.

राघो आमच्याकडे माझ्या बापाच्या वेळेपासून. केस पांढरे झाले, कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. आदल्या दिवशी माळावर त्याचं आणि परशुरामाचं वाजलं होतं, ते गवत कापणाऱ्या सगळ्या बायांनी ऐकलं होतं. परशुराम म्हणाला, राघोबाबा, डोळे गेले तुमचे, भार सरळ येत नाही. राघो म्हणाला, उद्याचा भार बघ आणि मग बोल. एवढं पाटलांना पुरलं.

"उद्या फौजदाराचा शिपाई ठाण्याहून येईल," पाटील मला म्हणाले. "मुलगा तुमचा. तुम्ही राघोकडे बोट दाखवा, तो ठाण्याला जाईल. तिथून पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आणि खरं सांगते, त्या घडीला माझं बोट उचललं जायलाच बघत होतं. पोराला जाळून आलेल्या बाईला कोणीतरी हवं असतं.

मी राघोसमोर बसले. "भार तू रचलास?"

"मीच."

"उजवीकडे जड?"

"उजवीकडेच जड. मग कुठे? डोक्यावर?" तो म्हणाला. "तुमच्या बापाने शिकवलं तसाच रचला, आवडाबाय."

"कबूल झाला!" पाटील मांडी थोपटत म्हणाले.

पाटलांना शेतीतलं कळतं, डोंगरातलं नाही. त्यांना सांगावं लागलं. गाडी सरळ खाली उतरते तिथे भार मधोमध हवा. पण वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते तिथे गाडी दरीकडे कलते. अशा वाटेला भार मुद्दाम डोंगराच्या अंगाला जड रचायचा, म्हणजे गाडी तोल धरते. आमची रोजची उतरायची वाट झऱ्याची. त्या वाटेने उतरताना डोंगर उजव्या हाताला. म्हणून भार उजवीकडे जड. राघोचं काही चुकलं नव्हतं.

"बरं," पाटील म्हणाले. पाटील हट्टी असले तरी बिनडोक नाहीत. "पण गाडी झऱ्याच्या वाटेने गेलीच नाही. गेली दुसरीकडून, कपारीच्या वाटेने. तिथे डोंगर कुठल्या हाताला?"

"डाव्या," मी म्हणाले, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

डोंगर डावीकडे, दरी उजवीकडे, आणि भार उजवीकडे जड. म्हणजे गाडीला हाताने ढकलल्यासारखंच.

"झालं तर!" पाटील म्हणाले. "याने भार एका वाटेचा रचला आणि पोराला पाठवलं दुसऱ्या वाटेने. म्हणाला असेल, झऱ्याची वाट खचली."

"मी कशाला म्हणू?" राघो ओरडला. "तो फाट्याकडे वळला आणि मी पुढच्या गाडीच्या पेंढ्या बांधायला बसलो. माळावरून फाटा दिसत नाही. लेकरासारखा होता तो मला! सकाळपासून पोटात अन्न नाही माझ्या, आज भाकरीसुद्धा वर आली नाही, आणि तुम्ही मला..."

"मुडदा पडलाय आणि याला भाकरी आठवते," पाटील म्हणाले.

लोक हसले. मीसुद्धा राघोकडे तिरस्काराने बघितलं आणि उठले. त्याचं ते बोलणं मी कानाआड केलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

३

सकाळी कोलशेतहून लिओ आला. लिओ क्रिस्तांव, गाड्या करणारा सुतार, आमची गाडी त्याच्याच हातची. दारात टोपी काढून उभा राहिला.

"आवडाबाय, माझ्या गाडीने खाल्लं त्याला?" तो म्हणाला. "सांगा. असेल तर मी उद्यापासून रंधा हातात धरणार नाय."

"रडू नको. गाडी ओढून आणलीय मागच्या अंगणात. बघ आणि सांग."

तो गाडीखाली शिरला. आस ठोकून बघितला, चाकांचे आरे एकेक करून हलवले. मी पायरीवर बसले. माझा धाकटा मधु भिंतीला टेकून उभा होता. रात्रभर तो एक शब्द बोलला नव्हता, आणि गावात मधुबद्दलही कुजबुज सुरू झाली होती. थोरला बिनलेकराचा, त्याची बायको तापाने गेलेली. तो गेला की बैल, गाडी, माळ, सगळं धाकट्याचं.

मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "काल कुठे होतास रे?"

"बंदरावर."

"मचवा दुपारीच भरून गेला. मी ऐकलंय. मग?"

त्याने खाली बघितलं. गाडीखालून लिओ म्हणाला, "माझ्याकडे होता, बाय. चिलीम ओढत बसला होता आणि डोकं खात होता."

"कशाबद्दल?"

"सांग ना आयेला," लिओ म्हणाला.

"रेल्वेत लागायचं म्हणत होतो," मधु म्हणाला. "कल्याणला माणसं घेतायत. दादाला सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून लिओला विचारत होतो कसं सांगू. संध्याकाळी सांगणार होतो, आये." मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो भिंतीकडे वळला. मी त्याला रडू दिलं. माझं पोर लबाड नाही, भित्रं आहे. थोरल्याला सांगायला भिणारा माणूस थोरल्याला मारत नाही.

लिओ बाहेर आला. कपाळावर धूळ. "आस सरळ. चाकं घट्ट. खिळा नि खिळा जागेवर हाय. गाडीत खोट नाय."

"आणि हेही जागेवर आहे, बघ," मी असुडाकडे बोट दाखवत म्हणाले.

गाडीच्या पुढच्या पाटाला असूड खोचायची खोबण असते. असूड तिच्यात होता. गाडी एवढी कोलमडली तरी तो तिथेच अडकून राहिला होता, एवढा खोल खोचलेला.

मी उठून भाराच्या माथ्यावरची गाठ बघितली. डाव्या अंगाला एक जादा दोर होता. त्याची गाठ राघोची नव्हती. राघो दोन फेरे घालतो, माझा परशुराम एकच घालायचा आणि टोक आत खुपसायचा. त्याबद्दल मी त्याला लहानपणापासून बोलणी घालत आले.

मी पुन्हा पायरीवर बसले.

"काय झालं, बाय?" लिओ म्हणाला.

"त्याला कोणी बांधलं नव्हतं," मी म्हणाले. "तो दोर त्याने स्वतः बांधला. आणि स्वतः हाताला गुंडाळला."

४

हे नीट सांगते, कारण राघोचा जीव यावर टांगलेला होता.

आडव्या उतारावर गाडी कलायला लागेल अशी भीती असली, की शहाणा गाडीवान गाडीवर बसत नाही. तो असूड खोचतो, खाली उतरतो, भाराच्या माथ्याला एक दोर बांधतो आणि डोंगराच्या अंगाने चालत तो दोर ताणून धरतो. गाडी दरीकडे झुकली की आपल्या वजनाने तिला मागे खेचायचं. दरीच्या अंगाने कधी चालायचं नाही. पडत्या गाडीला खांदा लावायचा नाही. उडी टाकायची वेळ आली तर डोंगराकडे टाकायची. आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा, म्हणजे गाडी गेलीच तर दोर सुटतो आणि माणूस मागे राहतो. हे मी माझ्या दोन्ही पोरांना चालायला शिकवलं त्याच वर्षी शिकवलं.

परशुरामाने शेवटचं सोडून सगळं केलं होतं. तो दोर का गुंडाळला, तेही मला उमगलं. दुसऱ्या हातात बैलांची वेसण होती. एका हाताने एवढी गाडी मुठीत राहत नाही. म्हणून त्याने वेढे घातले. मग गाडी गेली, आणि तिने त्याला आपल्यावरून उचलून खाली फेकलं.

पण मुद्दा हा नाही. मुद्दा हा, की फसवलेला माणूस गाडीवर बिनघोर बसून राहतो. माझा मुलगा उतरला होता. त्याला ठाऊक होतं की भार या वाटेचा नाही. ठाऊक असून तो गेला. राघोने त्याला फसवलं नव्हतं.

मग त्याला झऱ्याच्या वाटेवरून कोणी परतवलं?

मी काठी घेतली आणि डोंगराला लागले. सुतकातली बाई डोंगर चढते हे बघून शेजारची विमलाबाई कुंपणावरून ओरडली, "आवडे, लोक काय म्हणतील गो!" मी म्हणाले, "लोकांना सांग, मी परत आले की विचारीन काय म्हणत होते ते."

फाट्यावर जमीन अजून ओलसर होती. चाकोरी स्पष्ट होती. गाडी आधी झऱ्याच्या वाटेलाच वळली होती, रोजच्यासारखी. थोडी उतरली, जिथून वळणापलीकडचा झरा दिसतो तिथपर्यंत. तिथे बैलांच्या खुरांच्या टाचा खोल रुतल्या होत्या. त्याने गाडी गपकन थांबवली होती. आणि मग मागे घेतली होती. भरली गाडी चढावर मागे! हे करायला बैलांच्या तोंडाला फेस येतो. कोणी गंमत म्हणून करत नाही.

फाट्याशी चाकाच्या वाटेत एक दगड पडला होता, मधून फुटून चुरा झालेला. त्यावर चाकाच्या लोखंडी धावेची काळी रेघ होती. त्याने चाकाखाली दगड लावून गाडी तिथेच उभी करून बघितली होती. दगड फुटला. फाट्याची जमीन सरळ झऱ्याकडे उतरते. गाडी तिथे सोडली असती तर ती झऱ्यावर जाऊन पडली असती.

म्हणजे झऱ्यावर असं काही होतं, ज्यावर गाडी पडू द्यायची नव्हती.

मी काठी टेकत खाली उतरले. झऱ्याच्या दगडांवर कावळे भांडत होते. मी हाकलले. त्यांच्या पायाखाली तांदळाच्या भाकरीचे तुकडे होते.

काल वर न पोचलेली राघोची भाकरी.

आणि शेवाळलेल्या दगडाच्या फटीत, माझ्याच जुन्या लुगड्याचं फाडलेलं, भाकरी बांधायचं फडकं.

५

भाकरी माझ्या घरातून रोज एकच जण घेऊन जाते. मधुची बायको, कलावती. सहा महिने भरलेले. मी काल सकाळी तिला म्हणाले होते, आज राहू दे. ती म्हणाली, चालणं चांगलं असतं म्हणतात, आत्याबाई. आणि संध्याकाळी, त्या सगळ्या आकांतात, कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली होती, भाकरी पोचवून मी केव्हाच आले.

ती मागच्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात बसली होती. मी तिच्यासमोर फडकं ठेवलं.

तिने ते बघितलं आणि पदर तोंडात कोंबला.

"पाय दाखव," मी म्हणाले.

तिने लुगडं थोडं वर केलं. घोटा वांग्यासारखा सुजला होता, चिंधीने आवळून बांधलेला. त्या पायाने ती काल आली होती, आणि त्याच पायाने रात्री उभी राहून घरभर पाणी भरत होती, कोणाला कळू नये म्हणून.

"बोल."

"पाय घसरला," ती म्हणाली. "झऱ्यावर. पडले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. किती वेळ पडले होते माहीत नाही. मग वरून घुंगरं ऐकू आली. मग..." ती थांबली.

"मग काय?"

"ते खाकरले."

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात सून आणि तिचा भावसासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, एकमेकांसमोर येत नाहीत. तिने त्याच्याशी बोलायचं नाही, त्याने तिच्याकडे बघायचं नाही, शिवायची तर गोष्टच नको. म्हणून तो घरात पाऊल ठेवण्याआधी दारात खाकरतो. मग ती पदर ओढून आत सरते. कलावती लग्न होऊन आल्यापासून परशुराम रोज दारात खाकरत आला. चूल पेटलेली असो, पाऊस कोसळत असो, तो आधी खाकरायचा आणि मग आत यायचा. एवढा सभ्य.

"माझा पदर डोक्यावर नव्हता," कलावती म्हणाली. "लुगडं भिजून कुठल्या कुठे गेलेलं. ते पुन्हा खाकरले. मी उठायला गेले, पाय टेकेना. हाक मारावी वाटली. तोंडच उघडेना, आत्याबाई. त्यांच्यासमोर मी कधी बोललेच नाही, मला आवाज कसा फुटावा? मग घुंगरं लांब जायला लागली. मला वाटलं, रागावले. बाई उताणी पडलीय वाटेत निर्लज्जासारखी, म्हणून तोंड फिरवून गेले."

"आणि मग?"

"मग कपारीकडून आवाज झाला. आणि घुंगरं थांबली." तिने माझे पाय धरले. "मी मारलं का हो त्यांना?"

मी जन्मभर जिभेने माणसं सोलली. हिला मला सोलवेना. मी तिचं डोकं दाबून धरलं आणि माझा मुलगा फाट्यावर उभा असलेला मला दिसला. खाली भावाची बायको पडलेली, पोटात लेकरू. जवळ जाता येत नाही. हाक मारता येत नाही. गाडी सोडून धावावं, तर गाडी तिच्यावर जाणार. माळावरच्या बायांना ओरडून बोलवावं, तर तिथवर हाक पोचत नाही. भार उतरवून पुन्हा रचावा, तर वेळ जाणार, आणि ती तिथे पडलेली. उरली एकच वाट, कपारीची, वाकड्या भाराची. ती त्याने धरली. दोर हाताला गुंडाळला आणि बैलांना घाई केली.

"तो रागावला नव्हता गो," मी म्हणाले. "तो मला बोलवायला येत होता. तुझ्यासाठी. आईला घेऊन जावं म्हणून."

बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या. ठाण्याचा शिपाई आला होता.

६

चावडीवर गाव उभं होतं. राघोला खांबाचं सोडून शिपायाच्या दोराला बांधत होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी सगळं सांगितलं. खोचलेला असूड, डाव्या अंगाची गाठ, फाट्यावरची चाकोरी, फुटलेला दगड. शिपाई दाढी खाजवत ऐकत होता. पाटील मान डोलावत होते, कारण त्यांना हिशेब पटत होता. राघोच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात बांधलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं.

"म्हणजे झऱ्याच्या वाटेत कोणीतरी पडलं होतं," पाटील म्हणाले.

"होय."

"कोण?"

"कोणीतरी."

"आवडाबाई, कोणीतरी म्हणून मी माणूस सोडू शकत नाही. नाव सांगा. नाहीतर हे सगळं तुमच्या मनाचं म्हणेल फौजदार."

नाव माझ्या जिभेवर होतं. पण ते एकदा बाहेर पडलं की ते गाव कधी विसरणार नव्हतं. जन्मभर तिच्यामागे बोटं, हीच ती, हिने भावसासऱ्याला खाल्लं. तिच्या पोटातल्या लेकरामागेही तेच. आणि नाव नाही सांगितलं, तर राघो ठाण्याला. मी तिथे उभी राहिले. शिपायाने दोर ओढला आणि राघो एक पाऊल पुढे सरकला.

"मी होते," मागून आवाज आला.

तो आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. कलावती काठीवर रेलून उभी होती. मधु तिला धरायला बघत होता, ती त्याचा हात झटकत होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. पुरुष सगळे खाली बघायला लागले.

"झऱ्यावर मी पडले होते," ती म्हणाली. "राघोबाबांचा काही दोष नाही. त्यांना सोडा."

मग गर्दीतून कोणी पुटपुटलं, "मग हाक का नाही मारलीस, बये? एक हाक मारली असतीस तर..."

मी वळले. मला वाटतं, तेवढ्या जोरात मी आयुष्यात कधी बोलले नाही.

"तुझ्या घरातली मारेल?" मी म्हणाले. "सांग. तुझी सून मारेल तुला हाक? तुमची, पाटील? कोणाच्या घरात आवाज ठेवलाय तुम्ही त्यांना? हिने हाक मारली असती, तर काल संध्याकाळी तुम्हीच म्हणाला असता, बघा, आवडाबाईच्या सुनेला लाज नाही. आणि मी? मी सगळ्यांच्या आधी म्हणाले असते. माझ्या पोराला राघोने मारलं नाही, हिनेही नाही. त्याला आपल्या सगळ्यांच्या घरातली रीत होती ना, तिने मारलं. तिला बांधून न्या ठाण्याला, हिंमत असेल तर."

शिपायाने पाटलांकडे बघितलं. पाटलांनी जमिनीकडे बघितलं. मग ते स्वतः पुढे झाले आणि त्यांनी राघोच्या हातातली गाठ सोडली. बराच वेळ लागला. गाठ त्यांनीच फार घट्ट मारली होती.

राघो कलावतीसमोर गेला. तो तिच्या पाया पडायला वाकत होता. मी त्याच्या पाठीत काठी टोचली. "म्हाताऱ्या, वय बघ. घरी चल. भाकरी राहिलीय तुझी."

७

मधु रेल्वेत गेला नाही. जा म्हणाले होते मी. तो म्हणाला, बघू पुढच्या साली. आता गाडी तो चालवतो, भार राघो रचतो. आडव्या वाटेला दोघंही उतरून चालतात, डोंगराच्या अंगाने, दोर मुठीत. गुंडाळलेला दिसला तर मी भाकरी देत नाही.

आणि झऱ्याच्या वाटेने जाणारी कोणतीही बाई, आमची असो, परक्याची असो, पडली, अडली, की हाक मारते. कोणालाही. दिराला, भावसासऱ्याला, सासऱ्याला. गावात काही जणांना ते आवडत नाही. ते मला भेटायला येत नाहीत. बरं झालं.

कलावतीला मुलगी झाली. पोरगी रडते ती अशी, की माळावर राघोला ऐकू जातं. विमलाबाई म्हणते, आजीवर गेलीय. मी म्हणते, जाऊ दे.

घरात आता कोणी खाकरत नाही. मधु सरळ आत येतो. राघो सरळ आत येतो. कलावती उंबऱ्यातूनच त्यांच्याशी बोलते. कधीतरी थंडीच्या दिवसांत रस्त्याने जाणारा एखादा म्हातारा दाराशी घसा साफ करतो. कलावती चुलीपुढे असते. तिचा हात आपोआप पदराकडे जातो, आणि ती माझ्याकडे बघते.

आणि मी परशुरामाचं ताट मांडायला उठलेली असते.